आधी फॉरमॅट नको

लासलगावात पेनड्राइव्ह पाहायचा असेल तर तो आधी ट्रॅक्टरवर पाहावा. उन्हाळ कांद्याच्या हंगामात सकाळी सकाळी बाजार समितीच्या आवाराबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि स्टिअरिंगशेजारच्या टेपमध्ये नखाएवढा पेनड्राइव्ह खोचलेला असतो. कॅसेट जाऊन जमाना झाला, तरी त्याला टेपच म्हणतात. मोबाइलच्या दुकानातून ‘गाणी भरून’ आणलेला हाच पेनड्राइव्ह दुपारी सातबाऱ्याची पीडीएफ घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जातो, संध्याकाळी मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट पोटात घालून घरी येतो, आणि भुईकाट्यावर कधी वादावादी झालीच, तर कॅमेऱ्याचं फुटेज उतरवून घ्यायलाही त्यालाच शोधलं जातं. इतक्या हातांतून, इतक्या खिशांतून आणि इतक्या धुळीतून फिरणारी वस्तू एखाद्या दिवशी ‘दाखवतच नाही’ म्हणून टेबलावर आली तर त्यात नवल काही नाही. नवल आहे ते पुढच्या उपचारांचं. पहिल्यांदा फुंकर मारतात. मग पुन्हा खोचतात. आणि तेवढ्यानं भागलं नाही की मागं उभा असलेला कुणीतरी जाणता म्हणतो, ‘फॉरमॅट मारून टाक ना.’

ही पुस्तिका त्या जाणत्याच्या विरोधात लिहिली आहे.

विषय तसा चिमूटभर आहे. लिनक्सवर आणि युनिक्सच्या वळणाच्या इतर यंत्रणांवर पेनड्राइव्ह दिसत नसेल तर काय पाहायचं, कोणत्या क्रमानं पाहायचं आणि कुठे हात आवरायचा, एवढंच यात आहे. यावर पहिला प्रश्न असा येईल की लासलगावात लिनक्स वापरतो कोण? हे गाव कांद्याचं. १९४७ साली स्थापन झालेली बाजार समिती, विंचूर आणि निफाडचे उपबाजार, आणि २००२पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ विकिरण केंद्र, ही त्याची ओळख. कोबाल्ट-६०च्या किरणांनी कांद्याचे कोंब थोपवण्याची सोय जिथे आहे, तिथे पेनड्राइव्हपुढे मात्र माणसं फुंकर मारत बसतात, हे जरा गमतीचं आहे खरं.

तर लिनक्स कोण वापरतो? नकळत पुष्कळ जण. खिशातल्या अँड्रॉइड फोनचं कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, लिनक्सचाच आहे. गाळ्यातल्या चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर बहुधा लिनक्सवर चालतो. राउटर आणि स्मार्ट टीव्ही यांचंही बऱ्याच अंशी तेच. या डब्यांना की-बोर्ड नसतो म्हणून आपण त्यांना संगणक मानत नाही, पण फुटेज घेताना डीव्हीआरनं पेनड्राइव्ह नाकारला तर त्या नकाराची कारणं याच पुस्तिकेतली असतात.

दुसरं कारण ताजं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. गाळ्यावरचा, शाळेतला, पतसंस्थेतला दहा वर्षांचा संगणक त्या अटीत बसत नाही. मशीन तर धडधाकट असतं. मग कुणाचा तरी पुण्याला शिकणारा भाचा सुट्टीत येतो, त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून देतो आणि सोमवारी परत जातो. मंगळवारी पेनड्राइव्ह दिसत नाही.

इथे आपली खरी अडचण सुरू होते. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीनं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माणसांना माउस धरायला शिकवला, हे त्या अभ्यासक्रमाचे उपकारच म्हणायचे. पण तो माउस विंडोजवरचा होता. ‘माय कॉम्प्युटर उघडा, तिथे एफ किंवा जी ड्राइव्ह दिसेल’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलं की ते अक्षर दिसलं नाही म्हणजे पेनड्राइव्ह मेला, असा थेट निष्कर्ष निघतो. लिनक्सवर अशी अक्षरं नसतातच. तिथला पडदा मराठी करता येतो. सी-डॅकनं २००७मध्ये आणलेलं बॉस लिनक्स तर भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवूनच घडवलेलं होतं. मेनू मराठी होतात, फोल्डरची नावं मराठी होतात, पण बिघाडाच्या वेळी कर्नल जे बोलतं ते आजही इंग्रजीतच बोलतं, आणि तेही तुटक, आकड्यांनी भरलेलं. त्या बोलण्याचा अर्थ लावून देणं हे या पुस्तिकेचं मुख्य काम आहे.

मला सांगायची गोष्ट एकच आहे. ‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ ही एक तक्रार नाही. त्या एका वाक्याखाली निदान पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा असतो. बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर आणलेल्या शेतकऱ्याचे पैसे आले नाहीत तर तो नुसता ‘पैसे नाहीत’ म्हणून बसून राहत नाही. गेटवर नोंद झाली का, लिलावात भाव पुकारला गेला का, भुईकाट्यावर वजन झालं का, खळ्यावर माल खाली झाला का, हिशोबपट्टी बनली का, हे तो एकेक विचारत जातो आणि गाडं जिथे अडलं तिथल्याच माणसाला गाठतो. पेनड्राइव्हचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्यानं होतो. फरक एवढाच की तो दोन-तीन सेकंदांत उरकतो, आणि लिनक्स प्रत्येक टप्प्यावर आपली नोंद लिहून ठेवतं.

त्या दोन-तीन सेकंदांत काय घडतं ते नीट समजून घेतलं तर पुस्तिकेतली निम्मी पानं वाचावीच लागणार नाहीत. साध्या पेनड्राइव्हच्या तोंडात सोनेरी रंगाच्या चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या पट्ट्या मुद्दाम जराशा लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे खोचताना वीज आधी पोचते आणि माहितीच्या तारा नंतर टेकतात. पाच व्होल्टची वीज मिळाली की आतली चिप जागी होते आणि १.५ किलोओहमच्या एका रोधकातून माहितीच्या एका तारेवरचा दाब वर खेचते. एवढ्या एका खुणेवरून संगणकाला कळतं की कुणीतरी आलंय. मग संगणक त्या पाहुण्याला एकदा झटकून शुद्धीवर आणतो, एक क्रमांक देतो आणि विचारतो, तू कोण, कुणी बनवलेला, तुला वीज किती लागते? या चौकशीच्या काळात यूएसबी २.०च्या पेनड्राइव्हनं १०० मिलिअँपियरपेक्षा जास्त वीज ओढायची नसते. ओळख पटल्यावर यूएसबी २.०च्या खाचेत ५०० आणि ३.०च्या खाचेत ९००पर्यंत मुभा असते.

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६मध्ये आली. तिच्यामागे ज्यांचं नाव प्रामुख्यानं घेतलं जातं ते इंटेलमधले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. ज्यांच्या नावानं ते विद्यापीठ आहे ते सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातलेच. याचा पेनड्राइव्ह दिसण्या-न दिसण्याशी काही संबंध नाही. पण लासलगावात बसून हे लिहिताना ते सांगितल्यावाचून राहवलं नाही.

ओळखपाळख झाली की पुढचा टप्पा चालकाचा. पाहुणा सांगतो, ‘मी साठवणुकीचं साधन आहे.’ मग कर्नल ‘यूएसबी-स्टोरेज’ नावाचा चालक, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम, पुढे करतं. हा चालक पेनड्राइव्हशी स्कझी नावाच्या जुन्या भाषेत बोलतो. ती भाषा १९८०च्या दशकात मोठमोठ्या डिस्कसाठी तयार झाली होती, आणि बोटाएवढा पेनड्राइव्हही आज तीच बोलतो. म्हणून लिनक्सवर पेनड्राइव्हचं नाव ‘एसडीए’, ‘एसडीबी’ असं पडतं. त्यातलं एसडी म्हणजे स्कझी डिस्क. नाव पडल्यावर कर्नल त्याच्यावरचे विभाग वाचतं आणि ‘एसडीबी१’ असं पोटनाव देतं. त्यानंतर त्या विभागात फायली कोणत्या पद्धतीनं मांडल्या आहेत ते ओळखायचं, आणि सरतेशेवटी तो विभाग एखाद्या फोल्डरला जोडून द्यायचा. या जोडणीला माउंट म्हणतात. इथवर सगळं झालं तर आणि तरच फायलींच्या खिडकीत पेनड्राइव्ह दिसतो. खिडकी रिकामी दिसली म्हणून पहिल्या टप्प्यावरच बिघाड आहे असं धरून चालणं चूक, आणि शेवटच्या टप्प्यावरचा इलाज आधी करणं त्याहून मोठी चूक. फॉरमॅट हा शेवटून दुसऱ्या टप्प्यावरचा इलाज आहे, आणि तोही फायलींची आशा सोडल्यानंतरचा.

आता तपासणीच्या साधनांविषयी. यात तीन आज्ञा पुन्हा पुन्हा येतील. एलएसयूएसबी, एलएसबीएलके आणि डीमेसेज. पुस्तिकेत त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. यंत्रावर मात्र रोमन लिपीतली छोटी अक्षरं, मध्ये जागा न सोडता टाइप करायची. पहिली आज्ञा पाहुण्यांची हजेरी सांगते, दुसरी डिस्कची यादी देते. तिसरी, डीमेसेज, ही खरी रोजनिशी. अलीकडच्या बऱ्याच यंत्रणांवर ती साध्या वापरकर्त्याला वाचू देत नाहीत, म्हणून तिच्या आधी सुडो लिहून पासवर्ड द्यावा लागतो. तिच्यापुढे एक जागा सोडून उणे चिन्ह आणि डब्ल्यू लिहिलं की रोजनिशी उघडीच राहते. मग पेनड्राइव्ह खोचा आणि पडद्याकडे बघत राहा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही एक कृती लक्षात ठेवा.

खोचल्यावर रोजनिशीत एकही नवी ओळ आली नाही तर प्रश्न फायलींचा नाहीच, तो विजेचा किंवा धातूच्या स्पर्शाचा आहे. अशा वेळी दोनच अदलाबदली करायच्या. हाच पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावायचा, आणि चालू असल्याची खात्री असलेला दुसरा पेनड्राइव्ह या खाचेत. दोष कुणाकडे आहे ते तिथल्या तिथे कळतं. टेबलावरच्या संगणकाला पुढच्या बाजूला असलेल्या खाचा आतून एका बारीक केबलनं मदरबोर्डला जोडलेल्या असतात. ती केबल सैल होते, किंवा असेंबल करणाऱ्यानं ती जोडलेलीच नसते. मागच्या खाचा थेट मदरबोर्डवर असतात. म्हणून शंका आली की संगणक फिरवा आणि मागे लावा. आपल्याकडे गाळ्यात आणि खळ्याशेजारच्या ऑफिसात कांद्याच्या पापुद्र्यांचा बारीक चुरा आणि धूळ सगळीकडे जाते, यूएसबीच्या खाचेतही. ती साफ करायची तर मशीन बंद करून, वायर काढून, कोरड्या मऊ ब्रशनं. टाचणी घालून उकरायचं नाही, आणि फुंकरही नको. फुंकरीत ओल असते.

‘ओव्हर-करंट’ हे शब्द दिसले तर पेनड्राइव्ह ताबडतोब बाहेर काढा. कुठेतरी दोन पट्ट्या एकमेकींना टेकल्या आहेत आणि वीज नको तिथे धावते आहे. तो पेनड्राइव्ह ‘एकदा साहेबांच्या लॅपटॉपला लावून बघू’ म्हणून पुढे नेऊ नका.

काही वेळा ओळी येतात, पण रडक्या येतात. नवं उपकरण आलं, असं लिहिलेलं असतं आणि लगेच खाली ‘एरर -७१’ किंवा ‘एरर -११०’. हे दोन आकडे पाठ करावेत इतके ते वारंवार भेटतात. -७१ म्हणजे बोलणं सुरू झालं पण ते नियमाबाहेर, विस्कटलेलं आलं. -११० म्हणजे विचारणा केली आणि ठरल्या वेळात उत्तरच आलं नाही. दोन्हींचा रोख बहुतेक वेळा तार, जोडणी, अपुरी वीज किंवा मरू घातलेली चिप यांच्याकडे असतो. लांब एक्स्टेंशन केबल काढा, चार तोंडांचा स्वस्त हब बाजूला करा, थेट खाचेत लावा. एवढ्यानं आकडे गेले तर दोषी सापडला. ‘अनएबल टू एन्यूमरेट’ असा शेवटचा शेरा सगळ्या खाचांमध्ये आणि दुसऱ्या संगणकावरही आला, तर पेनड्राइव्हनं साधी ओळखही दिलेली नाही. इथे फॉरमॅटची आज्ञा देणार तरी कुणाला? समोर डिस्कच नाही.

वेगाचा शब्दही वाचावा. ‘हाय-स्पीड’ म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, ‘फुल-स्पीड’ म्हणजे फक्त १२. नावावर जाऊ नका, फुल हे हायपेक्षा कमी आहे. ही नावं ठेवणाऱ्यांना पुढचं सुचलं नव्हतं. चांगला पेनड्राइव्ह ‘फुल-स्पीड’ म्हणून नोंदला गेला तर जोडणी कच्ची आहे असं समजा. निळ्या खाचेतला ३.०चा पेनड्राइव्ह फार हळूहळू आत सरकवला तर आधी जुन्या चार पट्ट्या टेकतात आणि तो २.० म्हणूनच नोंदला जातो. काढून एका दमात लावला की ‘सुपर-स्पीड’ येतं.

आता एक फसवा प्रकार. एलएसयूएसबीच्या यादीत पेनड्राइव्ह आहे. ०७८१ हा सॅनडिस्कचा आणि ०९५१ हा किंग्स्टनचा क्रमांक, असले आकडे तिथे दिसतात. पण एलएसबीएलकेच्या यादीत डिस्क नाही. इथे दोन शक्यता. पहिली अशी की चालकच उभा राहिला नाही. बँका, पतसंस्था आणि काही सरकारी कार्यालयांत सुरक्षेसाठी यूएसबी-स्टोरेज मुद्दाम बंद करून ठेवतात. चालक उभे करणाऱ्या मॉडप्रोबच्या फोल्डरमधल्या एका फायलीत तशी एकच ओळ असते. आपली स्वतःची यंत्रणा असेल तर ती ओळ काढता येते. दुसऱ्याच्या कार्यालयात ती काढायची नसते, परवानगी मागायची असते. २०१०मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा विषाणू इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रांपर्यंत पेनड्राइव्हवरूनच पोचला होता, तेव्हा असं कुलूप लावणारा माणूस वेडा नसतो. कर्नल अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू केला नाही तरीही काही यंत्रणांवर चालक सापडत नाही, कारण जुन्या कर्नलचे चालक पुसले गेलेले असतात. त्याचा इलाज रीस्टार्ट.

दुसरी शक्यता दुःखाची. कर्नल डिस्कला नाव देतं, पण तिचा आकार शून्य, म्हणून ती यादीत येत नाही, आणि रोजनिशीत ‘नो मीडियम’. पेनड्राइव्हमध्ये दोन मुख्य भाग असतात, बोलणारी चिप आणि साठवणारी चिप. इथे बोलणारी जिवंत आहे, साठवणारी उत्तर देत नाही. डाटा अमूल्य असेल तर तो दुरुस्तीच्या प्रयोगशाळेत न्यावा. नसेल तर माया सोडावी. तोशिबामध्ये फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश मेमरीचा स्वभावच असा की तिचं प्रत्येक घर ठरावीक वेळाच पुसता येतं. काही पेनड्राइव्ह मरण्याआधी स्वतःला कुलूप लावून घेतात आणि ‘राइट प्रोटेक्ट इज ऑन’ असं सांगतात. लोक त्याच्या अंगावर बटण शोधत बसतात. बटण बहुधा नसतं. तो निरोप असतो की आता लिहू नका, जे आहे ते आजच्या आज दुसरीकडे उतरवून घ्या. मी तर याला पेनड्राइव्हचा शहाणपणाच म्हणेन.

डिस्कही दिसते, आकारही बरोबर, तरी खिडकीत काही नाही, अशी वेळ आली तर हायसं वाटून घ्यावं. बिघाड आता वरच्या मजल्यावर आला आहे. पुष्कळदा पेनड्राइव्ह जोडलेलाच नसतो. डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवर तो आपोआप जोडला जात नाही, माउंटची आज्ञा द्यावी लागते. कधी मांडणीची पद्धत ओळखीची नसते. मोठे पेनड्राइव्ह आणि कार्डं एक्सफॅट पद्धतीनं येतात. ती मायक्रोसॉफ्टनं २००६मध्ये आणली, तिचा तपशील २०१९मध्ये सर्वांसाठी खुला केला, आणि त्यानंतर ती लिनक्सच्या कर्नलमध्ये आली. २०२०चं ५.७ किंवा त्यापुढचं कर्नल असेल तर अडू नये. जुन्या मशिनवर आणि जुन्या डीव्हीआरवर हमखास अडतं. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीचा नवा चालक २०२१च्या ५.१५मध्ये आला. विंडोजमधून हिसकून काढलेला एनटीएफएस पेनड्राइव्ह कपाळावर ‘डर्टी’ असा शिक्का घेऊन येतो आणि हा चालक त्याला जोडायला नकार देतो. तो पुन्हा विंडोजला लावून तिथली तपासणी करून घेणं आणि रीतसर बाहेर काढणं हा सर्वांत सुरक्षित मार्ग.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी यात एक वेगळं प्रकरण घातलं आहे आणि त्याबद्दल मला अजिबात संकोच नाही. ट्रॅक्टरवरच्या बऱ्याच टेपना फक्त फॅट३२ कळतं. एक्सफॅटचा पेनड्राइव्ह संगणकावर उत्तम चालतो आणि टेपवर ‘नो डिव्हाइस’ येतं, म्हणून कुणी टेप बदलतो, कुणी पेनड्राइव्ह. दोघेही निर्दोष असतात. फॅट३२वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, पण गाण्यांना तेवढी जागा लागते कुठे? आणखी एक. गाण्यांना १, २, ३ असे आकडे देऊनही टेप ती भलत्याच क्रमानं का वाजवतो, हा प्रश्न अनेकांना पडतो. असे बरेच टेप नावाचा क्रम पाहत नाहीत, फायली ज्या क्रमानं उतरवल्या तो पाहतात. लिनक्सवर फॅटसॉर्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम हा क्रम लावून देतो.

नावांच्या बाबतीत मात्र हात जोडून विनंती. ‘एसडीए म्हणजे आपली डिस्क, एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह’ हा जुना नियम कुणी सांगितला तर विसरून जा. नव्या लॅपटॉपमध्ये आतली डिस्क एनव्हीएमई या नावानं असते आणि पेनड्राइव्हच एसडीए होतो. जुन्या मशिनवर बरोबर उलट. डीडीसारखी आज्ञा काही विचारत नाही, जिथे सांगाल तिथे लिहिते. पेनड्राइव्ह लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा एलएसबीएलके चालवा. जे नाव नव्यानं आलं तेच त्याचं. आकारही पडताळा.

या सगळ्या बिघाडांत एक असा आहे की तो आपणच घडवतो. लिनक्सवर फाइल कॉपी झाल्याची पट्टी संपली म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर पोचली असं नाही. पुष्कळसा मजकूर अजून रॅममध्येच असतो आणि कर्नल तो सवडीनं उतरवत असतं. मागे गिऱ्हाइकांची रांग, पुढे ट्रॅक्टरवाला घाईत, मग पट्टी संपताच पेनड्राइव्ह ओढला जातो, आणि शेवटची पाच गाणी शून्य आकाराची निघतात किंवा पुढच्या वेळी ‘नीट काढला नव्हता’ अशी ओळ रोजनिशीत येते. इजेक्टचं बटण दाबा, किंवा सिंक ही चार अक्षरी आज्ञा द्या आणि ती संपेपर्यंत थांबा. वीज जाण्यावर आपला इलाज नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

बाजारात फार स्वस्तात मिळणाऱ्या ‘१ टीबी’च्या पेनड्राइव्हबद्दल दोन शब्द. त्यातले कित्येक आतून ८ किंवा १६ जीबीचे असतात आणि चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. एलएसबीएलकेसुद्धा फसतं, कारण ते चिपनं सांगितलेला आकडाच दाखवतं. एफ३ नावाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून पाहतो आणि पितळ उघडं पाडतो. वेळ लागतो, पण लग्नाचं चित्रीकरण भरण्याआधी तो द्यावा.

लिनक्सचे चुलतभाऊ मी थोडक्यात उरकले आहेत. फ्रीबीएसडीवर पेनड्राइव्हला ‘डीए०’ असं नाव पडतं आणि फॅटला एमएसडॉसएफएस म्हणतात. मॅकवर डिस्कयुटिल लिस्ट ही आज्ञा तेच काम करते. मात्र २०२२च्या व्हेंचुरापासून ॲपलच्या स्वतःच्या चिपचे लॅपटॉप नवं उपकरण जोडू का म्हणून आधी विचारतात. ती चौकट न वाचता बंद केली की पेनड्राइव्ह दिसत नाही. विचारांची दिशा सगळीकडे तीच आहे, नावं तेवढी बदलतात.

हरवलेल्या फायली परत मिळवण्याचं प्रकरण मी हेतुपुरस्सर छोटं ठेवलं आहे. नियम एवढाच की आधी डीडीरेस्क्यूनं पेनड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल करायची, आणि टेस्टडिस्क किंवा फोटोरेक त्या नकलेवर चालवायचे, मूळ पेनड्राइव्हवर नाही. एफएससीके ही दुरुस्तीची आज्ञाही नक्कल झाल्यावरच. विंडोजवर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले दिसणारा पेनड्राइव्ह लिनक्सला लावला तर मूळ फोल्डर बहुधा शाबूत दिसतात, कारण शॉर्टकट करणारा विषाणू त्यांना फक्त लपवतो. निव्वळ याच कामासाठी झेरॉक्सच्या दुकानात एक मशीन लिनक्सचं ठेवायला हरकत नाही.

पुस्तिकेच्या शेवटची दोन पानं कोरी सोडली आहेत. आज, पेनड्राइव्ह धडधाकट असताना, तो लावा आणि तिथे चार गोष्टी पेनानं लिहून ठेवा: एलएसयूएसबीनं दाखवलेला क्रमांक, एलएसबीएलकेनं दाखवलेला आकार, मांडणीची पद्धत, आणि कोणत्या खाचेत तो नीट चालतो ते. बिघडेल त्या दिवशी ताडून पाहायला एवढं पुरतं. आणि दुरुस्तीला कुणाकडे नेलात तर ‘दाखवत नाही’ असं सांगू नका, रोजनिशीतल्या शेवटच्या दहा ओळी कागदावर उतरवून सोबत न्या.